अर्ध्या लग्नाची सोळा वर्षं



१ ऑगस्ट म्हटलं की आपल्याला लोकमान्यांची पुण्यतिथी आठवते. शाळेत त्या दिवशी सगळ्यांनीच भाषणं ठोकलेली असतात. जर्मनीत आलेल्या माझ्यासारख्या संगणकवाल्यांना त्या तारखेची आणखी एक ओळख आहे. १ ऑगस्ट २००० पासून श्र्योडर सरकारची 'ग्रीन कार्ड' योजना सुरू झाली आणि आमची पहिली तुकडी इथे उतरली. बरोबर एक वर्षाने, १ ऑगस्ट २००१ ला, त्याच सरकारचा आणखी एक कायदा अमलात आला. समलिंगी जोडप्यांना सरकारदरबारी नोंदणी करून 'जीवनसाथी' म्हणून राहता येईल असा तो कायदा. त्याचं जर्मन नाव 'लेबेन्सपार्टनरशाफ्ट्सगेझेत्स'. (एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक ब्रेत्सेल. :-) )

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे. आपल्यासारख्या परक्या लोकांना इथे किती हक्क द्यायचे यावरून १९९९ साली एका राज्यात जे राजकारण झालं, त्यामुळे हा दुसरा कायदा अर्धवट जन्माला आला. तो पूर्ण व्हायला पुढे सोळा वर्षं लागली. आपल्या मंडळींत ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं मागे जावं लागेल. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य एक झालं आणि लगेच १ जानेवारी १८७२ पासून नवी दंडसंहिता लागू झाली. तिचं कलम १७५ पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना गुन्हा ठरवत होतं. आपल्या ३७७ चं हे चुलत भावंड, दहाएक वर्षांनी धाकटं. त्याविरुद्धची लढाईही जुनीच. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १८९७ मध्ये बर्लिनमध्ये एक समिती काढली आणि कलम रद्द करा म्हणून संसदेकडे अर्ज केला. १८९८ साली समाजवाद्यांचे पुढारी आउगुस्ट बेबेल त्या बाजूने सभागृहात उभे राहून बोलले. हे हिर्शफेल्ड १९३१ मध्ये जगप्रवासात हिंदुस्थानातही येऊन गेले. त्या वर्षांत आपले र. धों. कर्वे मुंबईत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत होते. दोघांचं काम एकाच जातीचं, आणि दोघांच्या वाट्याला आलेली माणसंही एकाच जातीची!

मतदानाच्या दृष्टीने पाहिलं तर पहिली चुकलेली गाडी १९२९ ची. १६ ऑक्टोबरला राइखस्टागच्या फौजदारी कायदा समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी हे कलम गाळायचं ठरवलं. दोन मतांनी का होईना, जिंकलं होतं. पण त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, जर्मनीची सरकारं एकामागून एक पडली आणि तो मसुदा संपूर्ण सभागृहापुढे कायदा म्हणून कधी आलाच नाही. मे १९३३ मध्ये हिर्शफेल्डांची संस्था लुटली गेली, पुस्तकं जाळली गेली. ते स्वतः परदेशात होते म्हणून वाचले. १९३५ मध्ये नीसला वारले. त्याच वर्षी नाझींनी कलम १७५ आणखी कडक केलं. हजारो माणसं गुलाबी त्रिकोण छातीवर लावून छळछावण्यांत गेली.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. युद्ध संपलं, नाझींचे कायदे धडाधड रद्द झाले. पण कलम १७५ चं १९३५ चं रूप पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत जसंच्या तसं ठेवलं. १९५७ मध्ये तर कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने त्याला बिनदिक्कत मान्यता दिली. १९४९ ते १९६९ या वीस वर्षांत, लोकशाही राज्यात, सुमारे ५०,००० माणसांना या कलमाखाली शिक्षा झाल्या. पूर्व जर्मनीने हे कलम १९६८ मध्ये काढून टाकलं. पश्चिमेने १९६९ आणि १९७३ मध्ये ते सौम्य केलं. शेवटी दोन्ही जर्मनी एक झाल्यावर दोन कायदे चालणार कसे, या व्यावहारिक अडचणीमुळे ते १९९४ मध्ये पुरतं गेलं. म्हणजे ज्या देशाने २००० साली समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीवर मतदान केलं, त्याच्या दंडसंहितेतून हे कलम जाऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. जर्मन माणूस पहिल्यापासून मोकळ्या मनाचा, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो. तो तितकासा खरा नाही.

असो. शेजारच्या डेन्मार्कने १९८९ मध्येच जोडीदारांची नोंदणी सुरू केली होती, जगात पहिलीच. ते पाहून इथल्या चळवळीला उभारी आली. १९ ऑगस्ट १९९२ ला जर्मनीत ठिकठिकाणी सुमारे अडीचशे जोडपी ठरवून श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत विवाह नोंदणी कचेरीत, अर्ज घेऊन गेली. सगळीकडे नकार मिळाला. त्यांना तोच हवा होता, कारण नकाराचा कागद हातात असल्याशिवाय कोर्टात जाता येत नाही. पुढच्या वर्षी घटना न्यायालयानेही नाही म्हटलं. लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचंच, असं सांगितलं. मग १९९९ मध्ये हाम्बुर्ग या नगरराज्याने आपल्यापुरती एक नोंदवही उघडली. तिच्यात नाव लिहून मिळे, कागद मिळे, फोटो निघत. कायद्याने मात्र त्याचा काडीचाही परिणाम नव्हता.

आता त्या हेसनच्या निवडणुकीकडे येतो.

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये कोलचं सोळा वर्षांचं राज्य गेलं आणि समाजवादी व हिरवे यांचं सरकार आलं. त्यांच्या यादीत दोन कामं होती : नागरिकत्वाचा कायदा बदलून इथे जन्मलेल्या-वाढलेल्या परकीयांना दोन पासपोर्ट ठेवू देणं, आणि समलिंगी जोडप्यांना कायदेशीर मान्यता. तेव्हा लोकसभा, म्हणजे बुंडेस्टाग, त्यांच्या हातात होती आणि राज्यांचं सभागृह, बुंडेसराट, हेही त्यांच्या बाजूला झुकलेलं होतं. पण ७ फेब्रुवारी १९९९ ला हेसन राज्याची निवडणूक होती. तिथल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे रोलांड कॉख यांनी दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध चौकाचौकांत टेबलं मांडून सह्यांची मोहीम काढली. रोख मुख्यतः तुर्कांवर होता. सह्यांचे ढीग पडले आणि अनपेक्षितपणे कॉख निवडून आले. हेसन गेलं, आणि त्याबरोबर बुंडेसराटमधलं बहुमतही गेलं.

बुंडेसराट आपल्या राज्यसभेसारखं नाही. तिथे आमदारांनी निवडलेले खासदार बसत नाहीत, राज्य सरकारंच बसतात आणि प्रत्येक राज्य आपली सगळी मतं एकगठ्ठा टाकतं. कायदेही दोन प्रकारचे असतात. काहींना बुंडेसराटची संमती लागतेच लागते, काहींना ती नसली तरी चालतं. ज्या करांचा पैसा राज्यांनाही मिळतो ते कर, सरकारी नोकरांचे भत्ते, राज्यांच्या कचेऱ्यांचं काम, हे सगळं तेव्हा पहिल्या प्रकारात मोडत असे.

मग सरकारने काय केलं? पार्टनरशिपचा मसुदा मधोमध कापला. ज्याला संमती लागत नाही ते सगळं एका कायद्यात घातलं : एक आडनाव, एकमेकांचा सांभाळ करण्याची जबाबदारी, पोटगी, वारसा, भाड्याच्या घरावरचा हक्क, आजारपणाच्या विम्यात जोडीदाराचा समावेश, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे परदेशी जोडीदाराला इथे राहण्याचा परवाना. आयकर, सरकारी पेन्शन वगैरे पैशांचा भाग दुसऱ्या कायद्यात. दोन्ही १० नोव्हेंबर २००० ला बुंडेस्टागात मंजूर झाले. १ डिसेंबरला बुंडेसराटने दुसऱ्याला संमती नाकारली. अशा रीतीने तुर्कांच्या पासपोर्टावरून झालेल्या मतदानाने जर्मन जोडप्यांची आयकराची सवलत गेली. मतपत्रिकेवर एकाचं नाव असतं आणि फटका दुसऱ्यालाच बसतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. (त्याच वर्षी, २००० च्या वसंतात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनच्या निवडणुकीत 'किंडर श्टाट इंडर', म्हणजे भारतीयांऐवजी मुलं, ही घोषणा गाजली होती. त्या वेळी इथे असलेल्यांना ती आठवत असेलच. त्या उमेदवाराला मात्र तेव्हा मतदारांनी घरी बसवलं.)

कायदा लागू व्हायच्या आधीच बव्हेरिया आणि सॅक्सनी कार्ल्सरूहला धावले. तात्पुरती स्थगिती द्या, अशी मागणी. १८ जुलै २००१ ला, म्हणजे फक्त दोन आठवडे आधी, ५ विरुद्ध ३ मतांनी न्यायालयाने ती फेटाळली. १ ऑगस्टला हॅनोव्हर, बर्लिन, हाम्बुर्ग अशा शहरांत पहिल्या जोड्या नोंदल्या गेल्या. वर्षभराने, १७ जुलै २००२ ला, मूळ खटल्याचा निकालही तसाच लागला. घटनेच्या ६ व्या कलमात लग्न आणि कुटुंब यांना राज्याचं खास संरक्षण आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणालाही लग्नासारखं काही देता येणार नाही, असं राज्यांचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, संरक्षण म्हणजे इतरांना कमी देण्याची सक्ती नव्हे. जे एरवी लग्न करूच शकत नाहीत, त्यांना वेगळं काही दिल्याने लग्न करणाऱ्यांचं काही कमी होत नाही. वाचायला अगदी साधं वाटतं, पण पुढची पंधरा वर्षं सगळा वाद या दोन वाक्यांभोवतीच फिरला.

आता हा अर्धा कायदा प्रत्यक्षात कसा दिसायचा ते सांगतो. म्युनिकमधल्या माझ्या पहिल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा, त्याचा साथीदार पेरू देशातला. २००२ मध्ये दोघांनी नोंदणी केली. पण बव्हेरिया सरकारने अशा जोडप्यांना श्टांडेसआम्टची दारं बंद ठेवली होती. तिथे हे काम नोटरीकडे दिलं होतं, आणि २००९ पर्यंत ते तसंच राहिलं. म्हणजे घराचं खरेदीखत जिथे होतं तिथेच यांचं 'लग्न'! इतर काही राज्यांत जिल्हा कचेरीत जावं लागे. आम्ही चार-पाच जण फुलं घेऊन नोटरीच्या ऑफिसात गेलो. त्यांनी सगळा करार खड्या आवाजात, एका सुरात वाचून दाखवला (इथल्या नोटरींना ते बंधनकारक असतं), दोघांनी सह्या केल्या आणि आम्ही जेवायला गेलो. पेरूच्या माणसाला राहायचा परवाना मिळाला, तो मात्र कुठलीही खळखळ न होता. त्यासाठी तरी कायद्याचे आभार मानायला हवेत.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अरे, मग आडनाव कोणाचं लावायचं?" मी म्हटलं, आई, जे दोघं ठरवतील ते. यावर ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "आमच्या वेळी हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं हो."

खरी गंमत पगारपत्रकावर होती. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला श्टॉयरक्लासे, म्हणजे कराचे वर्ग, तोंडपाठ असतात. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून निम्मं-निम्मं केल्यासारखं मोजतात, त्यामुळे एकाचा पगार जास्त आणि दुसऱ्याचा कमी असला की बराच कर वाचतो. आमच्याकडे तेव्हा मी एकटा कमावता, बायको जर्मन शिकत होती; मला वर्ग ३. त्याच्याकडेही नेमकी हीच परिस्थिती, त्याचा साथीदारही जर्मन शिकत होता. त्याला वर्ग १, म्हणजे ब्रह्मचाऱ्याचा. नोकरी सारखी, पगार जवळपास सारखा, आणि दरमहा हातात पडणाऱ्या पैशांत मात्र भलताच फरक. जो माणूस या देशात जन्मला त्याच्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी आलेल्या मला जास्त सवलत! एकमेकांना पोसण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर पूर्ण टाकली होती. २००५ मध्ये हार्ट्झ-४ आल्यावर तर भत्ता ठरवताना जोडीदाराचं उत्पन्न बरोबर धरलं जाऊ लागलं. घेताना जोडपं, देताना एकटे.

वारसा कराचं गणित याहून वाईट होतं. २००८ अखेरपर्यंत विधवेला किंवा विधुराला ३,०७,००० युरोपर्यंत कर माफ असे. नोंदणीकृत साथीदाराला माफी किती? ५,२०० युरो. म्हणजे शेजाऱ्याला मिळाली असती तितकीच. राहतं घर जोडीदाराच्या नावावर असेल आणि तो गेला, तर मागे राहिलेल्याला कर भरण्यासाठी घर विकायची पाळी यावी असा हा आकडा.

राजकारण्यांनी हे सोडवलं नाही. २००५ पासून थोडी सुधारणा झाली, जोडीदाराच्या स्वतःच्या मुलाला दत्तक घेता येऊ लागलं, पेन्शनमध्ये काही हक्क आले. पुढचं सगळं काम कार्ल्सरूहने एकेक वीट काढावी तसं केलं. जुलै २००९ : सरकारी सेवेतल्या कर्मचाऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनमध्ये भेद नको, 'ते लग्न आहे आणि हे नाही' एवढंच कारण पुरेसं नाही. जुलै २०१० : वारसा कर. फेब्रुवारी २०१३ : एकाने दत्तक घेतलेलं मूल दुसऱ्यालाही दत्तक घेता आलं पाहिजे. ७ मे २०१३ : आयकर, आणि तोही १ ऑगस्ट २००१ पासून मागील प्रभावाने. माझा तो सहकारी पक्का जर्मन. दरवर्षी करखात्याच्या आकारणीवर त्याने आक्षेपाचं पत्र पाठवून ठेवलं होतं, त्यामुळे त्याची जुनी वर्षं मिटलेली नव्हती. अकरा वर्षांचा फरक त्याला एकदम मिळाला. ज्यांनी ती पत्रं पाठवली नव्हती, त्यांची बंद झालेली वर्षं बंदच राहिली. म्हणून मंडळी, करखात्याशी पत्रव्यवहार कधी थांबवू नये!

या काळातला एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. २००९ ते २०१३ या सरकारात परराष्ट्रमंत्री होते गिडो वेस्टरवेले. २०१० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी बॉनमध्ये आपल्या साथीदाराबरोबर नोंदणी केली. देशाचा परराष्ट्रमंत्री, अमेरिकेशी, चीनशी वाटाघाटी करणारा. पण स्वतःच्याच मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांना मिळणारी कराची सवलत त्याला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये हॅनोव्हरला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचं अधिवेशन झालं. ही सवलत द्यावी का, यावर तिथे प्रतिनिधींनी मतदान करून नाही असं ठरवलं. न्यायालयाने ते ठरवणं पाच महिन्यांत निकालात काढलं. वेस्टरवेले पुढे २०१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेले. पूर्ण लग्नाचा कायदा पाहायला ते राहिले नाहीत.

२०१३ नंतर उरलं होतं ते दोन गोष्टींत : दोघांनी मिळून दत्तक घेणं, आणि 'लग्न' हा शब्द. शब्दाचं काय एवढं, असं वाटेल. पण नोकरीच्या अर्जावर, घराच्या भाडेकरारावर 'विवाहित' ऐवजी 'नोंदणीकृत जीवनसाथी' असं लिहावं लागे. म्हणजे समोरच्याने विचारलेलं नसताना आपलं खासगी आयुष्य त्याच्यापुढे मांडायचं. ज्यांना अर्जातल्या जातीच्या रकान्याचा अनुभव आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बुंडेसराटने (तोवर तिथलं वारं फिरलं होतं!) २०१५ मध्ये विवाह सर्वांना खुला करण्याचा मसुदा स्वतःच पाठवला. बुंडेस्टागच्या विधी समितीने तो तीसेक वेळा पुढे ढकलला. इथे आकडे बघण्यासारखे आहेत. २०१३ च्या बुंडेस्टागात समाजवादी, डावे आणि हिरवे मिळून ६३१ पैकी ३२० जागा होत्या. तिन्ही पक्ष या बाजूचे. म्हणजे चारही वर्षं बहुमत खिशात होतं! पण समाजवादी मेर्केलबाईंबरोबर सत्तेत होते आणि युतीचा करार असा की एकमेकांविरुद्ध मतदान करायचं नाही. कुलूप सभागृहाला नव्हतं, करारनाम्याला होतं.

ते उघडलं अगदी अचानक. जून २०१७, निवडणूक सप्टेंबरमध्ये. आधी हिरव्यांनी जाहीर केलं की विवाहाचा कायदा मान्य असेल तरच युती. मग उदारमतवाद्यांनी आणि समाजवाद्यांनीही तेच म्हटलं. म्हणजे मेर्केलबाईंना पुढच्या सरकारसाठी जोडीदारच उरेना. २६ जूनच्या संध्याकाळी बर्लिनच्या एका नाट्यगृहात 'ब्रिगिटे' या महिलांच्या नियतकालिकाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या एका तरुणाने विचारलं, मी माझ्या मित्राला माझा नवरा कधी म्हणू शकेन? बाईंनी आडवळणाने उत्तर दिलं. हा प्रश्न पक्षशिस्तीपेक्षा सदसद्विवेकबुद्धीचा मानावा अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या. समाजवाद्यांनी तो धागा लगेच पकडला. मंगळवारी घोषणा, बुधवारी समितीची मंजुरी, आणि शुक्रवारी ३० जूनला सकाळी मतदान. तीस वेळा पुढे गेलेलं काम चार दिवसांत झालं.

बुंडेस्टागात नावानिशी मतदान असलं की खासदार रंगीत कार्ड पेटीत टाकतात : निळं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पांढरं म्हणजे तटस्थ. निळी ३९३, लाल २२६, पांढरी ४. बाजूने पडलेल्यांत मेर्केलबाईंच्याच गटातले ७५ जण होते. बाईंनी स्वतः लाल कार्ड टाकलं. दार त्यांनीच उघडलं आणि आत मात्र गेल्या नाहीत! यावर बरीच टीका झाली, अजूनही होते. माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्या मनाला पटत नसतानाही इतरांना मत देऊ देणं हे राजकारणात दुर्मीळच म्हणायचं. हिशेब निवडणुकीचा होता हे उघडच आहे, पण हिशेब करून झालेली चांगली गोष्टही चांगलीच.

नागरी संहितेच्या कलम १३५३ मध्ये फक्त मोजके शब्द वाढले : लग्न भिन्न किंवा समान लिंगाच्या दोन व्यक्तींमध्ये होतं. १ ऑक्टोबर २०१७ पासून अंमल. तो रविवार होता, तरी बर्लिनच्या श्योनेबर्ग नगरभवनात त्या दिवशी खास कचेरी उघडून पहिलं लग्न लावलं गेलं. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र अजून 'पती' आणि 'पत्नी' असे दोनच रकाने होते. (प्रोग्रॅमवाल्यांना इतक्या थोड्या दिवसांची सूचना देऊन काय होणार? इथे माझी सहानुभूती पूर्णपणे आपल्या व्यवसायबंधूंना.) बव्हेरियाने पुन्हा कोर्टात जायचा विचार केला, तज्ज्ञांची मतं मागवली आणि मार्च २०१८ मध्ये तो नाद सोडला. मूल जन्मल्यावर आईच्या पत्नीला आपोआप पालक मानण्याचा प्रश्न या दुरुस्तीत सुटला नाही. तिला दत्तकविधानच करावं लागतं. तेवढी एक फट राहिलीच.

इथे सगळं संसदेत आणि कोर्टात झालं, कारण जर्मनीत देशपातळीवर कायद्यांवर सार्वमत घ्यायची सोयच नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी २००५ मध्ये ५८ टक्क्यांनी नोंदणीला आणि २०२१ मध्ये ६४ टक्क्यांनी विवाहाला होकार दिला. आयर्लंडने २०१५ मध्ये ६२ टक्क्यांनी. सिएटलच्या मंडळींना २००९ मधलं 'रेफरेंडम ७१' आठवत असेल, घरगुती जोडीदारांच्या हक्कांवरचं. ते सुमारे ५३ टक्क्यांनी तरलं. त्याआधी वर्षभर कॅलिफोर्नियात उलट घडलं होतं. शेजाऱ्याच्या संसारावर आपण मत द्यायचं ही कल्पनाच मला पचत नाही. पण हेसनचं उदाहरण पाहिलं की वाटतं, सार्वमत नसलं तरी मतदार पोचायचा तिथे पोचतोच.

आणि हे 'अर्धं लग्न' आपल्याला नवीन नाही. १८७२ चा तिसरा कायदा आठवा. ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून इंग्रजांनी नोंदणी विवाह आणला खरा, पण अट अशी की दोघांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, यहुदी यांपैकी कोणीही नाही असं लिहून द्यायचं. जातीबाहेर लग्न करायचं तर धर्मही सोडा! १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय विवाहाचं विधेयक आणलं, त्यावर रणकंदन झालं आणि ते बारगळलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला उघड पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानापुरता कायदा करून टाकला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने धर्म सोडायची अट काही जणांपुरती गेली, पण असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जाई. पूर्ण रूप आलं ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. म्हणजे १८७२ पासून ८२ वर्षं. जर्मनांनी सोळा वर्षांत आटोपलं म्हणायचं.

नेमका हाच १९५४ चा कायदा समलिंगी जोडप्यांनाही लागू करा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे होती. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही. पण लग्न नाही तर नाही, जोडीदार म्हणून मान्यता तरी राज्याने द्यावी का, यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. कौल हे दोघे अल्पमतात राहिले. २०२५ च्या जानेवारीत फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. प्रश्न आता संसदेचा. मधल्या काळात, २०२४ मध्ये, केंद्राने दोन परिपत्रकं काढली : अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले धरावं, आणि त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं. हाम्बुर्गच्या १९९९ च्या नोंदवहीपेक्षा हे एक पाऊल पुढेच, कारण निदान साखर-तांदूळ तरी एकत्र मिळेल.

आपल्या ओळखीतल्या एका घरी हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. मुलाने इथल्याच एका जर्मन मुलाशी श्टांडेसआम्टमध्ये रीतसर लग्न केलं. नाशिकहून आई-वडील आले होते, आईने मुंडावळ्या आणल्या होत्या, दोन जोड. इथे तो विवाहित, वर्ग ३ वगैरे सगळं यथासांग. नाशिकला उतरला की कायद्याने अविवाहित. वडील निवृत्त बँक अधिकारी, त्यांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "नाशिकचा त्याचा फ्लॅट, उद्या काही कमी-जास्त झालं तर कोणाला जाईल हो?" मृत्युपत्र नसेल तर जावयाला काही मिळणार नाही, स्वकष्टाची मालमत्ता आहे, मृत्युपत्र करून ठेवा, एवढं मी सांगितलं. 'जावई' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि त्यांनीही तो तसाच राहू दिला. आता मसुदा वकिलाकडे गेला आहे. रेशनकार्डाचं म्हणाल तर मुलगा परदेशी गेला तेव्हाच त्यांनी त्याचं नाव त्यातून कमी करून घेतलं होतं.

आपला,
म्युनिककर